माझा वेग कोणी घेतला?

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. समोर विटांचा लांबच लांब रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर आणि त्यांच्यापलीकडे सपाट शेते. दूर समुद्राचा बांध दिसतो. थंडी इतकी की श्वासाची वाफ होते. तुमच्या हातात नारळाएवढा एक जड गोळा आहे. आता धावत या आणि तो सोडा!

तो गोळा म्हणजे मी.

मी एक जुना लाकडी गोळा आहे. माझे लाकूड समुद्रापलीकडच्या उष्ण प्रदेशातले, इतके जड की पाण्यात टाकले तर सरळ तळाशी जाते. एका जहाजाच्या दोर ओढायच्या कप्पीच्या मोडक्या चाकातून एका कातार्‍याने मला चरकावर फिरवून कातून काढले. तेव्हापासून मी दूर उत्तरेकडच्या थंड देशातल्या ओस्टरझील गावचा. आमच्याकडे हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की दोन गावे एकाच रस्त्यावर आळीपाळीने गोळे टाकतात. ज्याचा गोळा मागे पडला, त्याने पुढच्याचा ओलांडायचा. नाही ओलांडला तर गुण समोरच्याचा. मी कितीदा चरात पडलो आणि लांब दांड्याच्या टोपलीने गाळातून वर आलो, त्याची गणती नाही.

मग रबरी गोळे आले आणि मी गावातल्या मेन्नो आजोबांच्या कोठारात फळीवर जाऊन बसलो. बारा हिवाळे कोणी तेल लावले नाही. अंगावर एक बारीक चीर पडली. पण त्याहून जास्त मला एक जुने दुःख सलत असे. मी थांबलो की मुले हसत, "म्हातारा दमला!" मलाही तेच खरे वाटे. सुरुवातीला मी वार्‍यासारखा धावे, मग सावकाश, मग आणखी सावकाश, आणि मग काहीच नाही. दमत असेनच ना मी?

अकरा वर्षांच्या गेशेने मला शोधून काढले. ती गावच्या मुलांच्या संघात होती. संघात उरली होती अवघी पाच मुले. वडीलधार्‍यांनी ठरवून टाकले होते की या हिवाळ्यात शेजारच्या ग्रोसहाम गावाशी हरलो, तर आपला संघ बंद, मुलांनी ग्रोसहामकडून खेळावे. गेशेला तिथे खेळायचे नव्हते. तिला याच रस्त्यावर खेळायचे होते.

"हा दमलेला गोळा कशाला घेतेस?" मोठ्या मुलांनी तिला चिडवले.

तेव्हा मेन्नो आजोबा हसले. त्यांनी चाळीस वर्षे शाळेत शिकवले होते आणि अजूनही त्यांची ती खोड गेली नव्हती. त्यांनी माझ्या अंगाला जवसाचे तेल चोळले. मग एक फळी गुडघ्याएवढ्या उंचीवर तिरकी टेकवली आणि मला तिच्यावरून हिरवळीवर सोडले. गेशेने पावले मोजली. सात. त्याच फळीवरून ओल्या चिखलात सोडले. तीन पावले. मग विटांवर सोडले आणि गेशे मोजत माझ्यामागे धावतच सुटली. एकतीस!

"गोळा तोच, उतारही तोच," आजोबा म्हणाले. "मग दमतो कोण?"

मग आजोबांनी तिला बाकावरच्या जुन्या गादीवर अंगठा दाबायला सांगितले. खळगा पडला. अंगठा काढल्यावर तो भरून आला, पण सावकाश. त्यांनी समजावले की गोळाही जमिनीत असाच खळगा पाडतो, डोळ्यांना न दिसणारा. त्या खळग्याच्या पुढच्या काठावर त्याला सतत चढावे लागते. मागची जमीन वर येताना त्याला थोडे ढकलते, पण जेवढे घेतले तेवढे परत देत नाही. वाराही थोडा अडवतो, विटांच्या फटीही थोडे काढून घेतात. जमीन जितकी मऊ, तितकी ती जास्त ठेवून घेते.

"मग घेतलेला वेग जातो कुठे?" गेशेने विचारले.

"थोडा आवाजात. बाकीच्याची ऊब होते. जमिनीतही आणि गोळ्यातही. इतकी थोडी की हाताला कळत नाही. पण हरवत काही नाही, पोरी."

मित्रांनो, त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी दमत नव्हतो. मी माझा वेग वाटेला देत चाललो होतो.

सामन्याचा दिवस उजाडला. आमच्या रस्त्याच्या उजव्या कडेला गाव 'लोण्याची वाट' म्हणते. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला शेतातला चिखल विटांच्या फटींत बसतो, थंडीने गोठून दगड होतो आणि त्यावरून गोळा लोण्यावरून सुरी जावी तसा जातो. सगळा सराव त्याच वाटेवर, रोज सकाळी. वाट दाखवणारे फोल्केर्ट काका पुढे जाऊन तिथेच पाय फाकवून उभे राहत आणि टाकणारा त्यांच्या पायांकडे नेम धरी. सोळा वर्षे काका दुसरीकडे उभे राहिले नव्हते. रस्त्याचा मध्य उंच आहे. तिथून गोळा जरा वाकडा गेला की थेट चरात.

पण सामना लांबला. दुपार झाली, ऊन पडले. दोन्ही गावे बरोबरीत होती आणि शेवटची फेरी आली. ग्रोसहामचा तामो, दांडग्या हातांचा पोरगा, लोण्याच्या वाटेवरून आपला गोळा सणसणत सोडला. तो आमच्या पुढे गेला, पण एकदम मंदावून थांबला. त्याची माणसे नाचू लागली. गेशे मात्र माझ्यावर बोटे आवळून त्या गोळ्याकडेच बघत राहिली. एवढ्या ताकदीचा गोळा इतक्यात कसा थांबला?

आता तिची पाळी. तामोचा गोळा मी ओलांडला तर संघ राहणार, नाहीतर नाही. काका नेहमीच्या जागी उभे राहिले. गेशेने नेम धरायचा सोडला आणि मला घेऊन त्यांच्याकडे धावत सुटली.

"काका, तीन पावलं डावीकडे सरका. मधल्या विटांवर."

"वेडी झालीस का? तिथे गोळा उड्या मारेल. आणि घसरला की चरात."

मागून तामो ओरडला, "अरे बघा, वाट दाखवणार्‍यालाच वाट दाखवतेय!" सगळा ग्रोसहाम हसला.

गेशे खाली बसली. तिने लोण्याच्या वाटेवर अंगठा दाबला आणि उचलला. चिखलात अंगठ्याचा ठसा तसाच राहिला.

"बघा काका. हा काहीच परत देत नाहीये. सकाळी दगड होता, आता नाही. विटा थोडं घेतील, हा सगळं घेईल."

काकांनी त्या ठशाकडे पाहिले. मग वाकून शेजारी स्वतःचा अंगठा दाबला. दोन ठसे झाले. ते उठले आणि तीन पावले सरकून उभे राहिले.

गेशे परत गेली. तिने मला एकदा कोटाला पुसले आणि धावली. हात मागे गेला, पुढे आला, आणि मी सुटलो!

विटा थडथडत होत्या. प्रत्येक फट मला एक टपली देत होती आणि थोडा वेग काढून घेत होती. डावीकडे चर दिसला, उजवीकडे चर दिसला, काकांचे पाय आले, काकांनी उडी मारली आणि मी त्यांच्या खालून गेलो. माझ्या बाजूने लोक धावत होते, चहाची हातगाडी उलटता उलटता वाचली. तामोचा गोळा कडेच्या चिखलात रुतलेला दिसला. मी मंदावलो. माझे देणे संपत आले होते. अजून एक वीट. अजून एक. मी त्याच्या बरोबरीला आलो, एक टपली आणखी खाल्ली, एक वीतभर पुढे गेलो आणि थांबलो.

ओस्टरझीलने आरोळी ठोकली. काकांनी टोपी हवेत उडवली, ती चरात पडली आणि लांब दांड्याची टोपली त्या दिवशी टोपी काढायला वापरली गेली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू फळीवर पडून असेल. ती दमली आहे असे म्हणण्याआधी तिला थोडे तेल लावा आणि तिची वाट एकदा तपासून बघा. माझी एवढीच विनंती आहे.

पण गेशेने काय केले, ते सांगायचे राहिले. सगळे तिला उचलायला धावले, तर ती त्यांच्यातून वाट काढत माझ्यापाशी आली आणि गुडघ्यांवर बसली. तिने हातमोजे काढले. एक तळवा माझ्या चिरेवर ठेवला आणि दुसरा मी जिच्यावरून शेवटचा आलो त्या विटेवर. वीट बर्फासारखी गार होती; मी तिला दिलेली ऊब हाताला कळण्याएवढी नव्हतीच.

तरी तिने बराच वेळ हात काढले नाहीत.