सूचना बदलली, मी तोच

थांबा थांबा, वर शीर्षकात नका शोधू, मी सूचनेच्या पोटात आहे! मी ओळख-नंबर बोलतोय. तुम्हाला मी दिसत नाही, पण फोनमधलं ॲप आधी मलाच शोधतं.

माझा जन्म सांगलीचा, विश्रामबागेतला, फिरदोसच्या लॅपटॉपवरचा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी ती साइट चालवते. साइटला फीड आहे, म्हणजे नवी सूचना टाकली की अडीचशे मुलींच्या ॲपमध्ये आपोआप पोचते.

आधी तिथं नंबर नव्हतेच! शीर्षक हीच ओळख. आणि आपल्याकडं सूचनेचं शीर्षक काय असतं? 'महत्त्वाची सूचना'! सोमवारीही तेच, शुक्रवारीही तेच. ॲपला वाटलं, ही तर वाचलेली, आणि शुक्रवारची दाखवलीच नाही. अर्जाची शेवटची तारीख नेमकी तिच्यात होती. शिरवळच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या शिवांजलीचं अख्खं वर्ष गेलं. फिरदोस दोन दिवस नीट जेवली नाही. मग बसली आणि प्रत्येक सूचनेला वेगळा नंबर देऊ लागली. त्यातला मी. हा एवढा लांबलचक, आणि जगात एकच, बरं का!

यंदा माझ्या सूचनेत साताऱ्याच्या मुलींच्या मैदानी चाचणीचा वार होता, गुरुवार. शिवांजलीनं लगेच तिच्यावर खुणेचा स्टार मारून ठेवला. आणि दुपारी फिरदोस किंचाळली, "या अल्ला, मंगळवार हाय! मी गुरुवार टाकलं!"

तिचा भाऊ मोहसीन चहा पीत होता. "मग ही उडव की, नवी टाक. लय सोपं हाय."

"येड्या, इथनं उडवली म्हणून पोरींच्या फोनातली जुनी जाती व्हय? शिवांजली स्टारवालीच उघडणार, आन् गुरुवारी मोकळ्या मैदानावर एकटीच पळणार!"

"मग?"

"नंबर त्योच ठेवायचा, आतलं बदलायचं."

"लय जीव हाय तुझा नंबरवर. निकाह लाव त्याच्याशीच!"

मी लाजलो, पण जागचा हललो नाही.

शीर्षक बदललं, वार बदलला. मी तोच! ॲपनं मला ओळखलं आणि स्टारखालचा गुरुवार काढून मंगळवार ठेवला. संध्याकाळी शिवांजलीचा मेसेज आला, "ताई, रजा गुरुवारची टाकलेली! परत एकदा बघावं म्हणून उघडलं, तर मंगळवार. सुपरवायझरच्या मागं लागून बदलून घेतली."

मंगळवारी पोरगी पळाली. पुढं लेखीही दिली, आणि निवड झाली!

काल तिनं स्टार काढला. वाईट नाही वाटलं, खरंच. साइट चालवणाऱ्यांनो, माझं एवढंच ऐका. शीर्षक बदला, मजकूर बदला, शुद्धलेखन तर बदलाच, पण मला हात लावू नका. आणि उद्या ही सूचना काढून टाकलीत, तरी मोकळा झालो म्हणून मला दुसऱ्या सूचनेला देऊ नका. कुठल्यातरी फोनमध्ये मी अजून शिवांजलीच्या मंगळवारचा असेन.