तिथी बघून उघडणारी मी

मित्रांनो, कोलशेतच्या खाडीबांधात साठ वर्षं बसलेली मी एक म्हातारी उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाण्याचा दरवाजा. सागाची जाड फळी आणि वर ओढायला साखळी, एवढाच माझा संसार. माझी राखण करणाऱ्या फेलिशियाच्या वडिलांनी मला बसवलं, तेव्हा मागे त्यांची भातशेती होती. खारं पाणी अडवायचं, हे माझं काम. पुढे शेती गेली, टॉवर आले आणि मधल्या पाणथळीत तिवरं, ती खाऱ्या पाण्यावर जगणारी झाडं, आपली आपणच उगवली. मग फेलिशिया मला भरतीला उचलू लागली, पाणी आत आलं की मिटू लागली. मुसळधार पावसात टॉवरचं पाणीही त्याच पाणथळीत मावायचं. तिवरांचं कौतुक मात्र कुणी केलं नाही!

यंदा फेलिशियाचा पाय मोडला आणि साखळी सोसायटीच्या सेक्रेटरी शीलाकडे आली. पोरगी भारी शिस्तीची. रोज सकाळी दहाला मला उघडायची, बाराला मिटायची. दोन महिन्यांत तिवरं पिवळी पडली. मी कुरकुरत राहिले, पण म्हातारीचं ऐकतो कोण? सोसायटीत ठरू लागलं, झाडं मेलीच आहेत, भराव टाकून पार्किंग करू. रविवारी मीटिंग होती.

त्याआधी फेलिशिया काठी टेकत बांधावर आली.

"आंटी, एक दिवस चुकवला नाही हो मी! दहा म्हणजे दहा," शीला रडवेली झाली.

"अगं बाई, भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. तू उघडतेस तेव्हा बहुतेकदा ओहोटी असते, आहे तेही पाणी निघून जातं. एकादशीचा उपास तिथी बघून करतेस ना? मग इथेही तिथीच बघ. तिथीची पाऊणपट, ती भरतीची वेळ. आज चतुर्थी, चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता."

"तुम्ही तिथी बघता?"

"चर्चला जाते म्हणून काय झालं? पाण्याला चंद्रच कळतो."

त्या दुपारी शीलाने साखळी ओढली. काय सांगू मित्रांनो! साठ वर्षं बघतेय, तरी अजून अंगावर काटा येतो. इतकी मोठी खाडी माझ्या एवढ्याशा तोंडातून आत शिरली. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळं एकेक करून बुडाली. बोईट मासे टणाटण उड्या मारू लागले. शीला तोंडावर हात ठेवून उभी होती.

रविवारची मीटिंग तिने भरतीच्या वेळी बांधावरच घेतली. पाणी चढताना बघायला सगळे बांधाच्या कडेला दाटीवाटीने जमले. पार्किंगचा विषय कुणी काढलाच नाही. महिन्याभराने फांद्यांना कोवळी पानं आली.

मित्रांनो, मला कायम उघडी ठेवाल तर उधाणात टॉवरची तळघरं बुडतील, कायम मिटाल तर तिवरं मरतील. तुम्हालाही जगायचंय, त्यांनाही. म्हणून माझ्या साखळीला हात लावण्याआधी एवढंच विचारा, आज तिथी कोणती?