दोन डाव्या हातांचा काळोख्या

मी काळोख्या बोलतोय. नाव ऐकून दिवा लावायला धावू नका. मी वीतभर उंचीचा, प्लॅस्टिकचा आहे आणि आजवर माझ्या हातून एक मेणबत्तीसुद्धा विझलेली नाही.

कॉमिकच्या पानांत मात्र मी फार दुष्ट. उजव्या मुठीत काळा कंदील धरून शहरभर हिंडायचं आणि त्यातला अंधार रस्त्यावरच्या दिव्यांवर ओतायचा, हा माझा धंदा. तिथलं मला पुसटच आठवतं, स्वप्नात झालेलं भांडण सकाळी आठवावं तसं.

माझा जन्म साच्याच्या दोन अर्ध्यांमधल्या उबेत झाला. अंग गार होईपर्यंत मला वाटत होतं, आपण कुणीही होऊ शकतो. मग एका रंगारी बाईंनी बारीक कुंचल्याने माझे डोळे काढले. दिवसाला शेकडो डोळे काढणाऱ्या त्या बाई माझ्या डाव्या डोळ्यापाशी आल्या आणि त्यांना जांभई आली. भुवई जरा वर गेली. तेव्हापासून मी दुष्ट कमी आणि साशंक जास्त दिसतो.

दुकानात नायक हातोहात संपले. मी माळ्यावर एका खोक्यात पडून राहिलो. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षं मोजायला बोटं दिसत नाहीत. शेवटी दुकान कायमचं बंद करताना दुकानदाराला मी सापडलो आणि एका जुन्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. त्याने मला कागदात गुंडाळून टपालाने पाठवलं. सोबत चिठ्ठी होती : "शेवटचा काळोख्या. आपल्या पुतण्यास आशीर्वाद."

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे सर, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना पुतण्या नव्हता. भाऊच नव्हता, तर पुतण्या कुठला? पण दुकानात कुणी "मुलासाठी का?" विचारलं, की सर कानापर्यंत लाल होऊन "पुतण्यासाठी" म्हणायचे.

पार्सल आलं तेव्हा सर परीक्षांच्या कामाला चार दिवस परगावी गेले होते. ते वहिनींनी घेतलं. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. सरांचे मित्र त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. चिठ्ठी वाचून त्या एकट्याच खूप हसल्या. सरांच्या संग्रहाला त्या 'बाहुल्या' म्हणायच्या आणि सर दरवेळी "बाहुल्या नव्हेत गं, ॲक्शन फिगर" म्हणायचे. पण त्या दिवशी वहिनींच्या मनात आलं, याला पुसूनबिसून कपाटात उभा करू. आल्याबरोबर दिसला की हरखून जातील.

त्यांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि फडकं आणायला गेल्या. वारा आला. घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

पडताना मला भीती वाटली नाही. माझ्या झग्यात हवा भरली, आणि खिडक्या, वाळत घातलेल्या चादरी, एक झोपलेलं मांजर असं सगळं माझ्याजवळून सावकाश वर गेलं. मग फरशी लागली. माझी उजवी मूठ कंदील सोडून सुटली आणि उडी मारून गटाराच्या जाळीत गेली. वहिनी चपला न घालताच खाली धावल्या. कंदील सापडला, मूठ नाही.

सरांकडे सुट्या भागांचा एक डबा आहे. त्यात माझ्याच जातीचा एक पाय नसलेला भाऊ होता. त्याचीही मूठ कधीच गेलेली. उरला होता फक्त डावा हात, उघड्या पंजाचा. वहिनींनी तो माझ्या उजव्या मनगटात बसवला. त्याची खुंटी बारीक होती, डगडगत होती. तेव्हा त्यांनी आपलं गडद लाल नेलपॉलिश लावून तो पक्का केला. कंदील शिवणाच्या डब्यात ठेवला. "ते आले की सांगते हं," त्या मला म्हणाल्या.

सर आले ते रविवारी. रविवारी त्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर, आपला काळोख्या घेऊन यायचे. दोघं आपापले खलनायक खिडकीच्या उजेडात शेजारी उभे करायचे. तळपायावरचे शिक्के वाचायचे, सांधे मोजायचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचे. खलनायकच का? सर म्हणायचे, "नायक सगळे कमरेवर हात ठेवून उभे. वाईटपणा मात्र प्रत्येक कारागीर वेगळा घडवतो. बहुधा."

हे 'बहुधा' सरांच्या प्रत्येक वाक्यात असायचं. "लग्नाला होकार देतानासुद्धा बहुधाच म्हणाले होते," वहिनी सांगायच्या.

त्या रविवारी सरांनी मला उचललं आणि ते थबकले. भिंग काढलं.

"डॉक्टर, याला दोन डावे हात आहेत! कारखान्यातच चूक झालीय. असा दुसरा काळोख्या जगात नाही."

ना 'बहुधा', ना 'कदाचित'. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी मला डोळ्यांजवळ नेलं, वहिनींकडे पाहिलं आणि साखर मागितली.

सरांनी संग्राहकांच्या पत्रिकेत माझ्यावर लेख लिहिला. दूरदूरच्या अनोळखी लोकांची पत्रं आली. सर ती पुन्हापुन्हा वाचायचे. आयुष्यभर स्वतःच्या प्रत्येक निष्कर्षाला घाबरलेला माणूस माझ्यासमोर मात्र ताठ उभा राहायचा. अठरा वर्षं मी दोन्ही पंजे पसरून कपाटात उभा होतो. कुणाचं तरी तान्हं मूल घ्यायला पुढे झाल्यासारखा.

मग गेल्या महिन्यात शहराच्या ग्रंथालयाने खलनायकांचं प्रदर्शन ठरवलं. मधल्या काचेत मी! फक्त, त्यांनी कळवलं, मनगटाच्या सांध्याचा फोटो पुराव्यादाखल हवा.

सरांनी तो सांधा कधी उघडला नव्हता. जगात एकच असलेली वस्तू मोडली तर? दोन दिवस ते घरभर फिरले. डॉक्टर गाडी घेऊन न्यायला यायचे होते, त्या दुपारी त्यांनी पेल्यात गरम पाणी घेतलं. प्लॅस्टिक त्याने मऊ होतं. मला हळूच आत सोडलं. वाफेत खोली विरघळून गेली. मला साच्यातली ऊब आठवली. हात अलगद सुटला.

खुंटीवर गडद लाल रंग होता.

सर तो रंग बघत राहिले. तो त्यांना ओळखीचा होता.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे ये."

वहिनींनी पेल्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. "खिडकीतून पडला हो माझ्याकडून. त्याच रविवारी सांगणार होते."

"अठरा वर्षं! मी छापून दिलं! लोक मला विचारून..." सरांनी सुटलेला हात टेबलावर ठेवला. "का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पहिल्यांदाच बहुधा न म्हणता बोललात. कसं सांगू?"

तेवढ्यात डॉक्टर आले. टेबलावरचा हात बघून म्हणाले, "निघाला का? सर, बसवलेला दात मला दारातून कळतो."

"तुम्हालाही माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सांगितलं असतं तर तुम्ही वर्षभर तोंड लपवलं असतं. माझा रविवारचा चहा बुडाला असता."

सर हसले नाहीत. मला तळहातावर घेऊन बसले. ग्रंथालयाला नाही म्हणून कळवावं, असं त्यांच्या मनात होतं. अंगठ्याच्या दाबावरून मला ते समजत होतं. मग त्यांनी प्रदर्शनात माझ्याजवळ ठेवायची माहितीची चिठ्ठी ओढली, आधीचा मजकूर खोडला आणि लिहिलं :

'काळोख्या. उजवा हात मूळचा नाही. तो माझ्या पत्नीने बसवला आहे.'

पेन थांबलं. पुढे एक 'बहुधा' येतो की काय, म्हणून आम्ही सगळे वाट पाहत होतो. सरांनी पूर्णविरामच दिला. मग म्हणाले, "ते नेलपॉलिश आहे का अजून?"

"वाळून दगड झालं. गुलाबी चालेल?"

"चालेल."

आता मी काचेत उभा आहे. उजवं मनगट किंचित गुलाबी, पायाशी शिवणाच्या डब्यातून आलेला कंदील. लोक चिठ्ठी वाचतात, हसतात आणि शेजारी जो कुणी असेल त्याच्याकडे बघतात. माझ्यासारखा दुसरा नाही, हे आता कुठे खरं झालं आहे.

संध्याकाळी इथले दिवे मालवतात. ते माझं काम नव्हे, पहारेकऱ्याचं. त्याआधी एकच विनंती करतो. तुमच्या घरीही कुणी तुमच्यासाठी काही चिकटवून गप्प राहिलं असेल. ते कळलं, तर हिसका देऊन ओढू नका. आधी पाणी गरम करा.