काटा पाचावर

आमच्या इमारतीत लिफ्ट कुठे अडली आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. तळमजल्यावर लिफ्टच्या दारावर पितळेची अर्धचंद्रासारखी तबकडी होती, तिच्यावर कोरलेले आकडे आणि एक लांब काटा. काटा एका आकड्यावर आला आणि हलेनासा झाला, की त्या मजल्यावर कुणीतरी जाळीचं दार नीट न लावता घरात गेलं आहे असं समजायचं. मग पोकळीत तोंड वर करून ओरडायचं, “आसेन्सो-ओ-ओर”, म्हणजे ‘लिफ्ट’, आणि मजल्याचं नाव घ्यायचं. बुएनोस आइरेसच्या जुन्या इमारतींत वाढलेल्या कुणालाही ही हाळी शिकवावी लागत नाही.

आमच्याकडे काटा बहुतेक वेळा पाचावर अडायचा आणि हाळी दोन्या देल्मिराची असायची. त्या सातव्या मजल्यावर राहत. जन्मभर नाटकगृहात कपडे शिवले होते आणि विंगेतून रंगमंचापलीकडे ऐकू जाईल असा आवाज कमावला होता.

“आसेन्सो-ओ-ओर. पाचवा.”

वरून पाचव्यावरच्या दॉन एवेलिओंचा आवाज यायचा. “माफ करा हो शेजारीणबाई. दार पुन्हा सुटलं.”

“दार सुटलं की तुम्ही सुटलात?”

“आज काय आणलंत?”

“भोपळा. आणि तो माझ्या हातात आहे, तुमच्या नाही.”

“या दिवसांत भोपळा चांगला निघतो का?”

“दॉन एवेलिओ, लिफ्ट पाठवा. भोपळ्याचं नंतर बोलू.”

जिना लिफ्टच्या पोकळीभोवती गोल फिरत गेलेला, त्यामुळे हे सगळं इमारतभर ऐकू येई. ‘नंतर’ म्हणजे दुसऱ्या दिवशी, पुन्हा पोकळीतूनच.

मी लिफ्टची इंजिनीअर आहे आणि याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. एकाच वेळी दोन्ही असणं सोपं नाही. पाचव्याच्या दाराची तक्रार प्रत्येक जण माझ्याकडे करायचा, पावाच्या दुकानातसुद्धा. मी त्या दाराचा कॉन्टॅक्ट बदलला, स्प्रिंग बदलली, रूळ घासून साफ केला. दार इतर सगळ्या दारांपेक्षा चांगलं लागत होतं. तरी काटा पाचावर.

बिघाड यंत्रात असता तर तो कधीही झाला असता. हा फक्त सकाळी, बाजाराच्या वेळी व्हायचा आणि रविवारी कधीच नाही. रजेच्या एका सकाळी मी चौथ्याच्या जिन्यात तेलाचा डबा घेऊन बसले होते. लिफ्ट रिकामी वर आली आणि पाचव्यावर थांबली. दॉन एवेलिओ घरातून बाहेर आले, जाळी बोटभर मागे सरकवली, दोन पावलं मागे जाऊन ती चित्रासारखी न्याहाळली, आणि घरात जाऊन दाराआड उभे राहिले. त्यांच्या बाल्कनीतून भाजीवाल्याचा कोपरा दिसतो. थोड्याच वेळात खालून हाळी आली.

मी तेलाचा डबा घेऊन घरी गेले. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

पण त्याच हिवाळ्यात इमारतीच्या व्यवस्थापकांनी सांगितलं की जाळीची दारं आता ठेवता येणार नाहीत. नवी लिफ्ट, आपोआप सरकणारी बंद दारं, नवी बटणं, नवा मजला-दर्शक. आराखडा अर्थातच माझ्याकडे आला. रहिवाशांच्या सभेत मी खालच्या दिवाणखान्यात एका टेबलावर नमुने मांडले. आमचंच जुनं काळं बेकलाइटचं बटण, जे दाबल्यावर आत जाऊन ‘टक’ करतं. त्यानंतरच्या काळातलं दुधी प्लॅस्टिकचं, पोटात दिवा असलेलं. मग स्टीलचं, भोवती लाल कडं उजळणारं. आणि शेवटी नुसती सपाट काच.

“यात दाबायचं काय?” चौथ्यावरचे दंतवैद्य फेरांती काचेवर बोट ठेवून म्हणाले.

“काहीच नाही. स्पर्श पुरतो.”

“मग दाबलं गेलं हे बोटाला कळणार कसं?”

प्रश्न चांगला होता. लिफ्टच्या बटणांचा सगळा इतिहास त्यातच आहे. बोटाला उत्तर हवं असतं. आधी बटण स्वतः हलून उत्तर देई, मग दिवा देऊ लागला, आता काच एक बारीक आवाज काढते. मी हे सांगितलं आणि सगळ्यांनी पुन्हा जुनंच बटण दाबून पाहिलं. टक. टक. स्टीलचं ठरलं, हलणारं आणि उजळणारं.

“आणि हे काय?” पोर्टर रुफिनोने कारखान्यातून आलेली आकड्यांची पट्टी उचलली. “तळमजल्याला शून्य? ‘पे-बे’ कुठे गेलं? मी तळमजल्यावर राहतो. म्हणजे मी शून्यात राहतो?”

“लॉटरीत शून्य म्हणजे अंडी,” प्रत्येक आकड्याला एकेक वस्तू जोडणाऱ्या इथल्या लॉटरीचा हवाला देत दोन्या देल्मिरा म्हणाल्या. “तुला शोभेल.”

सगळे हसले आणि ‘पे-बे’ ही तळमजल्याची स्पॅनिश आद्याक्षरं एकमताने राहिली. त्या संध्याकाळी एकमताने झालेली ही एकच गोष्ट. कारण मग दॉन एवेलिओ उठले. ते निवृत्त चष्मेवाले, हळू बोलणारे, सभेत कधीच न बोलणारे.

“दार किती वेळ उघडं राहील?”

“थोडाच वेळ,” मी म्हणाले. “मग आपोआप बंद होईल.”

“आणि कुणाकडून चुकून उघडं राहिलं तर?”

“राहणारच नाही.”

“मग जुन्या दारांत एवढं वाईट काय होतं?”

माना वळल्या. दोन्या देल्मिरांनी चष्मा काढून हातात घेतला. “हे तुम्ही विचारताय? अख्ख्या शहरात ज्या एका दाराचा लोकांना वैताग आहे, ते तुमचं. मी सुटणार एकदाची, मेणबत्ती लावीन.”

ते बसले. मतदानात विरोधात एकच हात, त्यांचा, वर झाला आणि तो नीट वरही गेला नाही.

दोन दिवसांनी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात बेकरीचा डबा, मेदियालुनांचा, म्हणजे चंद्रकोरीसारख्या गोड पावांचा. मी माते, इथला कडू पानांचा चहा, भिजवला, साखर न घालता, कारण त्यांना मधुमेह आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

“इंजिनीअरबाई, तुम्ही त्या दिवशी चौथ्याच्या जिन्यात होतात.”

“होते.”

“मला तेलाचा वास आला होता.” त्यांनी माते संपवला आणि पेला परत दिला. “तुम्ही कुणाला बोलला नाहीत.”

“बिघाड नव्हता. बोलायचं काय?”

ते जरा हसले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, “त्या रागावतात, पण बोलतात. रोज. बायको गेल्यावर माझ्याशी रोज बोलणारं दुसरं कुणी नाही. तुमची नवी दारं आली की त्या सरळ सातव्यावर जातील. माझ्या मजल्यावरून, बंद डब्यात.”

“वर जाऊन दार वाजवा ना.”

“आणि काय सांगू?”

“साखर मागा.”

“मी?”

मलाही हसू आलं. “बरं, मीठ.”

“नाही हो. त्या उघडतील, मीठ देतील आणि दार लावतील. आणि मग मला कळलेलं असेल.” त्यांनी बेकरीचा डबा माझ्याकडे सरकवला. “आता कसं, मला काही कळलेलं नाही. ते बरं आहे.”

मी दुसरा माते भरला. ते उगाच बसले होते की काही विचारायचं होतं, ते मला समजेना. शेवटी त्यांनी विचारलं, “मजल्यांवर बटणं कशी असतील?”

मी कागद घेतला. “आता प्रत्येक मजल्यावर एकच बटण आहे, ते लिफ्टला फक्त ‘ये’ म्हणतं. नव्या लिफ्टला दोन असतील, वरचा बाण आणि खालचा बाण. वर जायचं असेल तर वरचा दाबायचा. लिफ्ट वाटेत त्याच दिशेच्या लोकांना घेत जाते.”

“वाटेत घेते,” ते म्हणाले. “आत आधीच कुणी असलं तरी?”

“तरीही.”

“समजा, कुणी खालून सातव्यावर निघालंय. आणि पाचव्यावर वरचा बाण दाबलेला आहे.”

“पाचव्यावर थांबेल. दार उघडेल.”

“आणि खालचा दाबलेला असेल तर?”

“तर थांबणार नाही. येताना घेईल.”

त्यांनी कागद स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. “आणि लिफ्ट कुठवर आलीय हे पाचव्यावरून दिसेल का?”

मजला-दर्शक फक्त तळमजल्यावर लावायचा, असं तोवर ठरलं होतं. मी नंतर आराखड्यात प्रत्येक मजल्यावर एकेक घातला. त्याला तांत्रिक कारणंही होती.

वसंतात नवी लिफ्ट सुरू झाली. पितळी तबकडी दिवाणखान्याच्या भिंतीवर गेली आणि दारांवर काळ्या पट्टीत पिवळे आकडे चढू-उतरू लागले. पहिले काही आठवडे मी बाणांशीच झगडले. सगळ्यांचा तर्क एकच होता. लिफ्ट खाली आहे, तिला वर यायचंय, म्हणून वरचा बाण दाबायचा. मग ती त्यांना घेऊन आधी वर जायची आणि ते मला फोन करायचे.

“लिफ्टने काय करावं ते नका सांगू,” मी रुफिनोला म्हणाले. “तुला कुठे जायचंय ते सांग.”

“मला कुठे जायचंय ते मी लिफ्टला का सांगू? बायकोला सांगत नाही.”

हळूहळू सगळे शिकले. दॉन एवेलिओ सोडून. सकाळी बाजाराच्या वेळी लिफ्ट सातव्याकडे निघाली की पाचव्यावर हमखास थांबायची. दार उघडलं की ते उभे, टोपी हातात.

“खाली?” ते विचारत.

“वर,” दोन्या देल्मिरा म्हणत. “डोक्यावर बाण दिसतोय ना? वर.”

“अरे. म्हणजे मी पुन्हा चुकीचं दाबलं.”

“आता या आत, उगाच दार अडवू नका. वर जाऊन खाली जा.”

आणि ते आत यायचे. दोन मजले म्हणजे काहीच नाही, पण सातव्यावर त्या बाहेर पडून दाराच्या कडेवर हात ठेवून वाक्य पूर्ण करायच्या, आणि वाक्य लांबत जायचं. दार मिटायला बघे, हात जाणवला की परत मागे जाई. मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये असले की मला ऐकू येई. आर्टिचोक कसे शिजवायचे. कुठल्या नटीला कमरेत किती कापूस लागायचा. दॉन एवेलिओंच्या बायकोला समुद्र आवडायचा नाही, आणि तरी ते दर वर्षी समुद्रावर का जात.

एके दिवशी दोन्या देल्मिरांनी मला तळमजल्यावर गाठलं. हातात भाजीची पिशवी.

“इंजिनीअर, एक सांग. ही लिफ्ट आपणहून पाचव्यावर थांबते का?”

“नाही. कुणीतरी वरचा बाण दाबावा लागतो.”

“चुकून दाबला जातो?”

“जाऊ शकतो. लोक चुकतात.”

“लोक.” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “माझा चष्मा या माणसाने केला. भिंतीवर तो तक्ता असतो ना, इंग्रजी ‘ई’ चारी दिशांना फिरवलेला. पाय वर आहेत की खाली, डावीकडे की उजवीकडे. सगळ्या वस्तीला त्याने जन्मभर हेच विचारलं. आणि त्याला बाण कळत नाही?”

खोटं बोलायला मला जमत नाही, आणि खरं माझं नव्हतं.

“आणि ते जुनं दार?” त्या म्हणाल्या.

“दारात कधी बिघाड नव्हता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंद लिफ्टकडे. त्यांचा चेहरा रागाचा होता की नाही, मला ठरवता आलं नाही. मला एकदम वाटलं, मी नको ते बोलून गेले. त्यांना ही फसवणूक वाटली तर उद्यापासून त्या जिन्याने जातील, आणि दॉन एवेलिओंना, त्यांच्याच शब्दांत, कळलेलं असेल.

“किती भोपळे धरून उभी होते मी,” त्या म्हणाल्या. आणि एवढं बोलून जिन्यानेच वर गेल्या, सात मजले, मधे थांबत.

दुसऱ्या दिवशी मला मशीनरूममध्ये काम होतं. मी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरले तेवढ्यात दोन्या देल्मिरा आल्या. केस नीट बांधलेले, पिशवीत बेकरीचा कागद. त्यांनी सातचं बटण दाबलं. कडं उजळलं. मग त्यांनी पाचचं दाबलं.

पाचव्यावर दार उघडलं. दॉन एवेलिओ भिंतीशी वाकून उभे होते, बोट वरच्या बाणाजवळ, अजून न टेकलेलं.

“मी दाबलं नाही,” ते म्हणाले.

“माहीत आहे. मी दाबलं.”

ते तसेच उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी आकड्याकडे बघत होते.

“ही वर जातेय, दॉन एवेलिओ,” त्या म्हणाल्या. “मी माते करणार आहे. कडू. आणि बिस्किटं बिनसाखरेची आणलीयेत, बेकरीवाल्याने दोनदा विचारलं कुणासाठी म्हणून. येताय का?”

“येतो,” ते म्हणाले. “वरच जायचं होतं.”

ते आत आले. जागा तिघांना पुरेशी होती, पण मी तिथेच उतरले आणि गच्चीपर्यंतचे उरलेले मजले जिन्याने चढले.