शून्याचा खांब

"या कागदावर माझं नाव घालू नका, साहेब," म्हणत रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्या आकडेबाईंनी तो कागद अधीक्षकांच्या टेबलावर पालथा घातला.

कागद होता वॉर्ड चारच्या सिस्टरला कामावरून काढण्याचा. रुग्णालयाच्या बारा वॉर्डांत वर्षभरात किती पेशंट घसरून किंवा तोल जाऊन पडले, हे आकडेबाईंच्या मॉडेलने पडताळलं होतं. पेशंटची संख्या आणि वयं बघता वॉर्ड चारमध्ये आठेक जण पडायला हवे होते. नोंद होती एकोणीसची. साहेबांना तेवढंच पुरलं.

"मॉडेल तुमचंच ना, बाई?"

"माझंच. पण ते आकड्यांवर बसत नाही. हे तपासून मग तुमच्या हाती द्यायला हवं होतं, ती चूक माझी."

त्यांनी एक चित्र पुढे सरकवलं. त्यात एक उतरती रेघ होती: एकही पेशंट न पडलेले महिने किती असावेत, एक पडल्याचे किती, दोन पडल्याचे किती, हा मॉडेलचा अंदाज. त्या रेघेला प्रत्यक्ष नोंदींचे खांब वरून टांगलेले. मॉडेल नीट बसलं की प्रत्येक खांब जमिनीला जेमतेम टेकतो. इथे शून्याचा खांब जमीन फोडून खाली गेला होता.

"बारा वॉर्डांचे मिळून एकशे चव्वेचाळीस महिने. त्यातले नव्वदेक शून्याचे असते तर मी मान्य केलं असतं. आहेत एकशे सतरा. तपासणीची माणसं यायची असली की त्याच महिन्यात तीन-तीन पेशंट पडतात, आणि एरवी अकरा वॉर्डांतले म्हातारेकोतारे टुणटुणीत? कोणाला शेंड्या लावता? या खोट्या शून्यांनी सरासरी खाली ओढली, म्हणून दर महिन्याला खरं लिहिणारी वॉर्ड चारची सिस्टर डोळ्यांत खुपते. चोर सोडून संन्याशाला फाशी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शून्यं जास्त आहेत, एवढं तुमचं चित्र सांगतं. त्यातलं खोटं कुठलं, ते सांगतं का?"

"नाही."

"मग मला एक दाखवा. एकच. साक्षीदारासकट. नाहीतर आज सही होईल."

आकडेबाईंचा हात आपोआप नोंदींच्या यादीवर गेला, बोट खाली सरकत वॉर्ड सातवर आलं. एप्रिल. शून्य.

एप्रिलमध्ये त्यांचे वडील, अण्णा, वॉर्ड सातमध्ये होते. दुपारी न्हाणीघरात घसरले. बाई टॉवेल घेऊन दाराशीच उभ्या होत्या. त्यांनीच अण्णांना उठवून बसवलं. तरणी सिस्टर फॉर्म घेऊन धावत आली. दोन महिन्यांत ती नोकरीत कायम व्हायची होती. बाई म्हणाल्या होत्या, "अगं, राहू दे. खरचटलंय नुसतं." आपण किती समजूतदार, असंही वाटलं होतं त्यांना. अण्णा अजून काठी टेकत चालतात. आणि महिनाअखेरीस ते शून्य बाईंनी स्वतःच्याच बोटांनी यादीत टाइप केलं होतं.

इतका वेळ साहेबांवर निघणारा राग आता त्यांना स्वतःचाच आला.

"एक कोरा फॉर्म द्या."

"कसला?"

"पेशंट पडल्याचा. वॉर्ड सातचा."

"बाई, हे तुमच्यावर शेकेल."

"शेकू द्या."

साहेबांनी खणातून फॉर्म काढून दिला. बाई उभ्यानेच लिहू लागल्या. पेशंटचं नाव. जागा. दुखापत. 'प्रत्यक्ष कोणी पाहिलं' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'मुलगी'.

शेवटचा रकाना होता: नोंद वेळेवर का झाली नाही?

तिथे सिस्टरचं नाव घालायला जागा होती. बाईंनी लिहिलं, 'सिस्टर लिहीत होत्या. मी नको म्हटलं.'

मग फॉर्म साहेबांपुढे ठेवून त्या त्यावरच्या सहीची वाट बघत उभ्या राहिल्या.