एस्टिलचं ताट

खाणीचं छत कोसळून माझा नवरा एस्टिल गेला, तो एकाहत्तर सालचा मार्च महिना. मी चोवीस वर्षांची होते. पूर्व केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात अशा विधवा दर दोन घरांआड होत्या, त्यामुळे माझं दुःख काही जगावेगळं नव्हतं. ते जगजाहीर झालं डॉर्सी मॅगर्डमुळे.

डॉर्सी एस्टिलचा लहानपणापासूनचा दोस्त. एस्टिल बँजो वाजवायचा, डॉर्सी गिटार. पुढे डॉर्सी गाणी करायला नॅशव्हिलला गेला आणि एस्टिल खाणीत उतरला. मातीला डॉर्सी रात्रभर गाडी चालवत आला होता. त्या संध्याकाळी शेजारणींनी आणलेला घेवडा, मक्याचा पाव, डुकराचं मटण असं सगळं टेबलावर होतं. मी एक ताट भरलं आणि एस्टिलच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. डॉर्सी दारात हातात टोपी धरून बघत उभा होता.

दोन वर्षांनी ते गाणं रेडिओवर लागलं. नाव ‘एस्टिलचं ताट’. गाण्यातली बाई रोज संध्याकाळी नवऱ्याचं ताट वाढते, ते गार होईपर्यंत बसून राहते आणि मरेपर्यंत दुसऱ्या कुणासाठी चूल पेटवत नाही. चाल इतकी गोड होती की मीसुद्धा भांडी घासताना गुणगुणायची, आणि मग शब्द ध्यानात आले की गप्प व्हायची.

पंचाहत्तर साली शाळेची बस चालवणारा बर्चेल माझ्याकडे येऊ लागला. अबोल माणूस. आला की काहीतरी दुरुस्त करायचा. एकदा पायरी, एकदा विहिरीचा रहाट. मला तो आवडला होता. पण चर्चमधून बाहेर पडताना बायका विचारायच्या, “काय गं ओर्फा, ताट अजून एस्टिललाच वाढतेस ना?” बर्चेलच्या आईने तर तोंडावर सांगितलं, “मेलेल्या माणसाच्या ताटात माझा मुलगा जेवणार नाही. साऱ्या देशाला ठाऊक आहे ते ताट कुणाचं ते.”

बर्चेल वर्षभर थांबला. मग म्हणाला, “मी ओहायोला कारखान्यात चाललोय. येतेस?”

मी म्हटलं, “लोक काय म्हणतील?”

तो म्हणाला, “ते आत्ताही म्हणतायत.”

मी गेले नाही. त्याने तिकडेच लग्न केलं.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात एका दुपारी डॉर्सी माझ्या अंगणात उतरला. केस पांढरे, पोट सुटलेलं, चढ चढून धाप लागलेली. मी घेवडा चुलीवरून उतरवला, त्याला वाढला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“कंपनी माझी निवडक गाणी एकत्र काढतेय, ओर्फा. तीस वर्षांतली वीस. नवं गाणं आता कुणी मागत नाही, पण जुन्यांना गिऱ्हाईक आहे म्हणे.”

“बरं आहे की.”

“अल्बमचं नाव ‘एस्टिलचं ताट’च ठेवलंय. त्यांना वर तुझा फोटो हवाय. टेबलापाशी, ताट घेऊन.”

मी म्हटलं, “डॉर्सी, ते ताट मी का वाढलं होतं, ठाऊक आहे तुला?”

“माया होती म्हणून. आणखी कशाला?”

पंचवीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी त्याला सांगितलं. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. माझी चांगली अंड्यावरची कोंबडी एस्टिलने मला न विचारता पाद्र्याला देऊन टाकली होती. मी रागाने त्याचा डबा भरला नाही. म्हटलं, पाद्र्याकडेच जेव जा. त्याने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं आणि डबा घेऊनच गेला, म्हणजे बरोबरच्यांना कळू नये की बायकोने उपाशी पाठवलं. नंतर खाणीतल्या मुकादमाने तो डबा आणून दिला. उघडून बघितला असावा त्याने, रिकामा दिसला असावा. म्हणाला, “जेवून तरी घेतलं होतं त्याने, बाई.”

डॉर्सीने चमचा खाली ठेवला.

“म्हणून वाढलं होतं मी ताट,” मी म्हटलं. “एकदाच. तू मला ते जन्मभर वाढायला लावलंस.”

तो म्हणाला, “आणि बर्चेल?”

“तुला कुणी सांगितलं?”

“माझ्या बहिणीने. तेव्हाच. मला वाटलं, तुला तो पसंत नसेल.” त्याने कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. “काढून टाकतो ते गाणं.”

मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला.

“नाही ऐकत गं कंपनीवाले. गाण्यावर माझा हक्क उरलेला नाही, मी ते केव्हाच विकलंय. तिथल्या एका पोरीने मला विचारलं, आजोबा, ते गाणं काढलं तर अल्बममध्ये राहतं काय?”

“तू काय म्हणालास?”

“खरंच होतं ते.”

वसंतात अल्बम निघाला. वर कुणा दुसऱ्याच बाईचा फोटो होता, ताटापुढे मान खाली घालून बसलेली. चेहरा दिसत नव्हता, म्हणून आमच्याकडे सगळे मलाच ती समजले. दुकानातली जेटी म्हणाली, “फोटोत बारीक दिसतेस हं.”

डॉर्सीने मात्र ते गाणं म्हणायचं सोडलं. त्या उन्हाळ्यात जत्रेत त्याचा कार्यक्रम होता, मी मागच्या बाकावर बसले होते. लोक ओरडत होते, “डॉर्सी, ताट वाढ रे.” तो म्हणाला, “आज घरात काही शिजलं नाही,” आणि दुसरंच गाणं धरलं. लोक हसले. त्यांना वाटलं, शेवटी म्हणेल. शेवटीही म्हटलं नाही, तेव्हा पुढच्या रांगा उठून जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी जत्रेवाल्यांनी त्याला बोलावलं नाही. दुसरीकडेही तसंच झालं, असं त्याची बहीण सांगत होती. मला त्याने यातलं कधी काही सांगितलं नाही. मीही त्याला कधी म्हटलं नाही की गा, आता मला काही वाटत नाही. म्हणायला हवं होतं. वाटत होतं म्हणून म्हटलं नाही.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत तो झोपेतच गेला. आमच्याच चर्चमध्ये त्याला आणलं. बाहेर बर्फ होतं, तरी भिंतीला टेकून माणसं उभी होती. पाद्र्याचं बोलणं झालं आणि नॅशव्हिलहून आलेल्या तिघा वादकांनी, कुणाला न विचारता, तेच गाणं सुरू केलं. डॉर्सीची बहीण अर्धवट उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. त्या पोरांना काय ठाऊक?

सगळं चर्च गाऊ लागलं आणि एकेक मान माझ्याकडे वळली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारी बसलेल्या जेटीने माझ्या हातात रुमाल दिला आणि कानाशी म्हणाली, “अजून एस्टिलला विसरली नाहीस ना गं?”

मी मान डोलावली. मी डॉर्सीसाठी रडत होते, आणि थोडी बर्चेलसाठी. पण ते तिला कुठे सांगत बसू? गाणं संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले.