तीन सेकंदांनी विझणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. दिवा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काही भव्यदिव्य आले असेल, तर ते आधी पुसून टाका. मी करंगळीच्या नखाएवढा आहे, पिवळा आहे आणि एका बुटक्या, हिरव्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर बसतो. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे माझे मीच म्हणतो. दुसऱ्या कोणी म्हणायची वाट बघत बसलो असतो, तर माझी काच पिवळीची पांढरी झाली असती.

माझे काम नीट ऐका. घाईने जोरात ब्रेक दाबला, की चाके जागच्या जागी अडकतात आणि गाडी घसरते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ती तुमचे ऐकत नाही. म्हणून आमच्या गाडीत एबीएस नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग एका छोट्या पेटीला कळवत राहतो. एखादे चाक अडकू लागले, की पेटी त्याचा ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा आवळते. यात कुठे बिघाड झाला, तर पेटी हे काम थांबवते आणि मी पेटतो. किल्ली फिरवल्यावरही मी पेटतो. इंजिन सुरू होते, पेटी स्वतःची तपासणी करते आणि सगळे ठीक असेल, तर बरोबर तीन सेकंदांनी मला विझवते.

आमचे मालक चित्रकलेचे शिक्षक. त्यांची लेक लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून मोजायची, "एक, दोन, तीन." तिनाला मी विझलो, की ती टाळ्या पिटायची. तिने माझे नाव पिवळू ठेवले होते. कारखान्यातून मी काही हे नाव घेऊन आलो नव्हतो, पण मला ते फार आवडले.

अठरा वर्षे कशी गेली, कळले नाही. मग एके दिवशी चालत्या गाडीत मी पेटलो. थोड्या वेळाने विझलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटलो. मालक म्हणाले, म्हातारपणी दिव्याला चळ लागला. मला वाईट वाटले. त्यांनी माझ्यावर काळी चिकटपट्टी लावली, तेव्हा त्याहून वाईट वाटले. पण पट्टी उन्हाने सुटायची आणि मी पुन्हा दिसायचो. शेवटी ते एका मिस्त्रीकडे गेले. त्याला सगळे झटपट म्हणत. मालकांनी त्याला सांगितले, दिवा तेवढा विझवा. हा झटपट म्हणजे सांगितल्या कामाचा गडी. त्याने माझी वायर पेटीपासून तोडली आणि शेजारच्या लाल दिव्याला जोडली. हा शेजारी इंजिनातल्या तेलाची खबर देतो; किल्ली फिरवली की पेटतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. आता तो पेटला की मी पेटायचो, तो विझला की मीही विझायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटे बोलू लागलो.

तेही मी सहन केले असते. पण लेकीला डोंगरावरच्या गावात नोकरी लागली आणि मालकांनी ही गाडी तिला द्यायचे ठरवले. रविवारी ती एकटी निघणार होती. रस्ता वळणावळणाचा, दिवस ओले, गाडीच्या एबीएसचा भरवसा नाही, आणि हे तिला सांगणारा मी एकटा, तोही तोंड बांधलेला. मला पोरीची काळजी लागून राहिली.

शुक्रवारी बापलेक तेल बदलायला एका गॅरेजमध्ये आले. ते चालवणाऱ्या बाईंना थोरामोठ्यांसकट सगळे ताई म्हणत. चष्मा कायम कपाळावर. ताईंनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू केले, बंद केले. असे तीनदा केले. मग म्हणाल्या, "हा पिवळा लाल दिव्याबरोबरच विझतोय. तो मागून विझायला हवा."

"लवकर विझतोय म्हणजे चांगलंच की," मालक म्हणाले.

"पोरगं पेपर न वाचताच परीक्षेतून बाहेर आलं, तर चांगलं म्हणाल?"

लेक म्हणाली, "लहानपणी मी तीनपर्यंत मोजायचे."

 मालक म्हणाले, "मीच विझवायला सांगितलं होतं. ब्रेक बघा म्हणून नाही सांगितलं. चुकलो मी."   ताई सरळ डॅशबोर्डखाली शिरल्या आणि त्यांनी माझी वायर पुन्हा पेटीला जोडली.

मी असा काही पेटलो म्हणता! मग ताईंनी पेटीच्या जोडणीतल्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावला. आमच्या काळच्या गाड्यांत असे केले, की दिवा लुकलुकून बिघाड सांगतो. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलेच नव्हते. मी चार वेळा लुकलुकलो, थांबलो, दोन वेळा लुकलुकलो. ताईंनी गाडीच्या तेलकट पुस्तिकेत या खुणेचा अर्थ पाहिला. मागचे डावे चाक.

मालक म्हणाले, सेन्सर बदलून टाका. ताई म्हणाल्या, "दिव्यानं घराचा पत्ता दिलाय. आत आजारी कोण, ते आत जाऊनच बघायचं." त्यांनी मीटर लावला. सेन्सर ठणठणीत. मग चाक हाताने सावकाश फिरवले, तर प्रत्येक फेऱ्यात मीटरचा काटा एकाच जागी अडखळत होता. चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या दातेरी कड्याचे दाते सेन्सर मोजतो, ते कडेच गंजून तडकले होते. म्हणूनच मी कधी पेटायचो, कधी विझायचो. चळ मला लागलेला नव्हता, मित्रांनो.

शनिवारी नवे कडे बसले. मागच्या मोकळ्या मैदानात पाणी मारून ताईंनी लेकीलाच ब्रेक दाबायला लावला. पेटी ब्रेक सैल-आवळ करू लागली तसे पायाखाली पेडल थरथरले, गाडी न घसरता स्टिअरिंगबरोबर वळली आणि थांबली.

माझे एवढेच सांगणे आहे. नको ती बातमी सांगणाऱ्याचे तोंड बांधू नका. काय झाले, असे आधी त्याला विचारा. गाडीत विचारा आणि घरीही विचारा.

रविवारी सकाळी लेकीने किल्ली फिरवली. ती गाडी हलवणार, तेवढ्यात मालकांनी खिडकीवर हात ठेवला. "थांब," ते म्हणाले, आणि वाकून माझ्याकडे बघत स्वतःच मोजू लागले. एक. दोन.

तिनाला मी विझलो.